प्रतिध्वनीचा पहारा

ब्रिटन हे बेट आहे. भोवतालच्या समुद्राने शेकडो वर्षे त्याचे रक्षण केले. परंतु विमानाचा शोध लागला आणि हा खंदक अपुरा पडू लागला. पहिल्या महायुद्धात लंडनवर आकाशातून बाँब पडले, तेव्हा ही गोष्ट तेथील लोकांना कळून चुकली.

शत्रूचे विमान येत आहे, हे आधी कळावे कसे? सरकारने या कामी प्रथम ध्वनीची मदत घेतली. किनाऱ्यावर काँक्रीटचे प्रचंड अंतर्वक्र आरसे उभारण्यात आले. त्यांत तोंड दिसत नसे बरे! दुरून येणारी विमानाची घरघर ते एकवटीत आणि पहारेकरी ती कान देऊन ऐकत. केंट परगण्यात डेंज येथे असा एक आरसा २०० फूट लांबीचा आहे. परंतु विमानांचा वेग वर्षानुवर्षे वाढत गेला. आवाज ऐकू येतो न येतो, तोच विमान डोक्यावर येऊ लागले.

जानेवारी १९३५ मध्ये हेन्री टिझर्ड या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली एका सरकारी समितीची पहिली बैठक भरली. त्या काळी ‘मृत्युकिरणां’च्या वावड्या उठत असत. रेडिओ लहरींनी वैमानिकाला विमानातच होरपळून टाकता येईल काय, असे हवाई खात्याने रॉबर्ट वॉटसन-वॅट या शास्त्रज्ञाला विचारले. त्याने आपला सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यास हिशेब करावयास सांगितले. उत्तर आले, अशक्य! कागद तेथेच बांधून ठेवला असता, तरी कोणी दोष दिला नसता. पण विल्किन्सला एक गोष्ट आठवली. जवळून विमान गेले की रेडिओ संदेशांत बिघाड होतो, असे टपाल खात्याच्या तंत्रज्ञांना आढळले होते. म्हणजे लहरी विमानावर आदळून परत फिरतात. ज्या लहरी विमान पाडू शकत नाहीत, त्या ते शोधून देऊ शकतील!

हवाई खात्यातील संशोधनाचा कारभार तेव्हा ह्यू डाउडिंग यांच्याकडे होता. नुसत्या आकडेमोडीवर जनतेचा पैसा खर्च करावयास ते तयार होईनात. आधी प्रयोग दाखवा, असा त्यांचा आग्रह होता. ही सावधगिरी योग्यच म्हटली पाहिजे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री गावाच्या परिसरातील एका शेतात, मोटारगाडीत यंत्र मांडण्यात आले. बी. बी. सी. च्या केंद्रातून लहरी निघत होत्या व एक लष्करी विमान त्यांतून ये-जा करीत होते. यंत्राच्या काचेवरील प्रकाशाचा ठिपका हालू लागला! विमान सुमारे आठ मैल दूर जाईपर्यंत त्याची चाहूल लागत होती. लवकरच सुमारे १०,००० पौंड मंजूर झाले.

लहरी परततात, एवढे सिद्ध झाले. अंतर मोजणे राहिले होते. ते काम ऑर्फर्डनेस येथील समुद्रकाठी सुरू झाले. विहिरीत डोकावून ‘ओ!’ म्हटले की क्षणभराने ‘ओ!’ परत येतो. विहीर जितकी खोल, तितका तो उशिरा येतो. रेडिओ लहरींचेही तसेच. मात्र त्या एका सेकंदात सुमारे ३,००,००० किलोमीटर धावतात. १५० किलोमीटरवरील विमानाला शिवून परतावयास त्यांना सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. म्हणून लहरी सलग न सोडता क्षणिक झटक्यांनी सोडल्या आणि त्यांच्या परतीचा हा सूक्ष्म काळ मोजला. वर्षाअखेर सुमारे ६० मैलांवरचे विमान ओळखता येऊ लागले. हेच पुढे रडार या नावाने प्रसिद्ध झाले.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा किनाऱ्यावर अशा सुमारे २० ठाण्यांची साखळी उभी होती. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांचे थवे येऊ लागले. ब्रिटनकडे लढाऊ विमाने थोडी. त्यांनी दिवसभर आकाशात घिरट्या घातल्या असत्या, तर इंधन संपून वैमानिक थकून गेले असते. आता ठाण्यांतील तरुण स्त्रिया काचेवर नजर ठेवीत, टेलिफोनवरून खबर देत आणि त्यानंतरच विमाने नेमक्या दिशेला झेप घेत. या लढाऊ विमानदलाचे सेनापती होते, शेतातील त्या प्रयोगाचा आग्रह धरणारे डाउडिंग.