आज्ञावली बदलते, सातबारा जपायचा कसा?

लोणावळ्यात बंगल्यासाठी जागा घेणारा मुंबईकर आणि पवन मावळात इंद्रायणी भात पिकवणारा शेतकरी, या दोघांनाही एकच कागद महत्त्वाचा असतो. तो म्हणजे सातबारा. पूर्वी हा उतारा तलाठ्याच्या हस्ताक्षरात मिळे. आता तो संगणकातून निघतो. मात्र तो ज्या आज्ञावलीतून निघतो, ती वरचेवर बदलत असते. हा बदल कार्यालयातील कर्मचाऱ्याने आणि खातेदाराने कसा पेलायचा, हा खरा प्रश्न आहे.

गेल्या काही वर्षांतील बदलांवर नजर टाकली तरी त्यांचा वेग लक्षात येतो. दस्तनोंदणीसाठी आधी 'सरिता' आणि नंतर 'आय-सरिता' ही प्रणाली आली. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. 2020 मध्ये उताऱ्याचा नमुनाच बदलला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली आणि तिच्याही सुधारित आवृत्त्या पुढे आल्या.

या बदलांमागे कारणे असतात. नियम बदलले की आज्ञावली बदलावी लागते. सुरक्षेतील त्रुटी बुजवाव्या लागतात. दोन कार्यालयांच्या प्रणाली एकमेकींना जोडाव्या लागतात. लोणावळ्यात खरेदीखत नोंदवले गेले की त्याची माहिती फेरफारासाठी वडगावच्या तहसील कार्यालयाकडे जाते. साखळीतील एक कडी बदलली, तर दुसरीलाही तिच्याशी जुळवून घ्यावे लागते.

अडचण येते ती हाताच्या सवयीची आणि जुन्या माहितीची. 2020 च्या नमुन्यात खाते क्रमांक नावासमोर आला, एकूण क्षेत्र स्वतंत्रपणे दिसू लागले आणि जुन्या फेरफारांचे क्रमांक वेगळ्या रकान्यात गेले. ज्याची नजर जुन्या जागी खिळलेली, त्याला नोंद गहाळ झाल्याचा भास होऊ शकतो. याउलट खरोखरीची चूकही नव्या मांडणीत झाकली जाऊ शकते. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळवण्यासाठी 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन घ्यावे लागले, ते याचसाठी.

घाईचा बदल किती महाग पडतो, हे जगाने 19 जुलै 2024 रोजी पाहिले. 'क्राउडस्ट्राइक' कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे 85 लाख संगणक ठप्प झाले आणि विमानसेवेपासून रुग्णालयांपर्यंत सर्वांना फटका बसला. नवी आवृत्ती आधी मोजक्या ठिकाणी चालवून पाहावी आणि मगच सर्वत्र न्यावी, हा त्यातला धडा.

कार्यालयांना काही साधे उपाय करता येतील. काय बदलले हे सांगणारे एक पान सोप्या मराठीत द्यावे. प्रत्येक मंडळात एका कर्मचाऱ्याला आधी शिकवावे आणि इतरांनी त्याच्याकडून शिकावे. सराव खोट्या नोंदींवर करावा, खातेदाराच्या उताऱ्यावर नव्हे. आढळलेली प्रत्येक अडचण तारीखवार लिहून ठेवावी. आंदर मावळ, नाणे मावळाच्या खोऱ्यांत धुवाधार पाऊस असताना आणि खरिपाच्या नोंदी ऐन भरात असताना मोठा बदल टाळलेलाच बरा.

खातेदाराने एक तत्त्व ध्यानात ठेवावे. आज्ञावली बदलली म्हणून जमिनीवरील हक्क बदलत नाही. उताऱ्याची मांडणी बदलू शकते. परंतु नाव, क्षेत्र वा इतर हक्क यांत फरक पडला, तर त्यामागे फेरफाराची नोंद किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असायलाच हवा. म्हणून जुना उतारा जपून ठेवावा, नवा काढून दोन्ही ओळीने ताडून पाहावेत. आधार न सापडणारा फरक ही लेखनातील चूक असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 अन्वये दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. जागा विकत घेणाऱ्यानेही केवळ ताज्या उताऱ्यावर विसंबू नये. जुने उतारे आणि फेरफार मागून घ्यावेत. यंत्रणा कितीही नवी झाली, तरी उतारा वाचून पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते.