लाल किल्ल्यांतील रुप्याचें छत

दिल्लीस गेलेला मराठी प्रवासी लाल किल्ला पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. लाहोरी दरवाजानें आंत शिरावें, छत्त्याखालील बाजारांत थोडें रेंगाळावें, नौबतखाना व दिवाण-इ-आम मागें टाकून शेवटीं यमुनेच्या अंगास असलेल्या संगमरवरी दिवाण-इ-खासपाशीं येऊन उभें राहावें, हा नेहमींचा क्रम. (यमुना म्हणण्यापुरतीच, ती केव्हांच दूर सरकली आहे व तटाखालून आज मोटारी धांवतात.) वाटाड्या मयूरासनाची जागा दाखवितो, १७३९ सालीं नादिरशहानें तें कसें नेलें हें रंगवून सांगतो, आणि मंडळी हळहळून पुढें सरकतात.

श्रोत्यांना माझी विनंति अशी कीं, तेथून हलण्यापूर्वीं एकवार मान वर करून छत पाहावें. आज दिसतें तें रंगविलेलें लांकडी छत मागाहून बसविलेलें आहे. शहाजहानानें १६४८ सालीं हा किल्ला पुरा केला तेव्हां तेथें रुप्याचें छत होतें. तें नादिरशहानें नेलें नाहीं. तें आपण काढलें.

१७६० च्या पावसाळ्यांत सदाशिवरावभाऊंनीं दिल्ली घेतली व किल्लाहि घेतला. विजय मोठा खरा, पण खजिना रिकामा. दक्षिणेंतून आलेल्या त्या प्रचंड लष्कराचा खर्च उत्तरेंतील वसुलावर भागवावयाचा होता आणि वसूल तर येत नव्हता. राजवाड्यांनीं १८९८ सालीं छापलेल्या पत्रांत भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांस पैशासाठीं पुनःपुन्हा निकड लावतांना दिसतात. अखेर छताचें रुपें उतरवून त्याचे सुमारें नऊ लाख रुपये पाडण्यांत आले. ते फार दिवस पुरले नाहींत. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानपत घडलें.

माझ्याबरोबरच्या एका मुलानें तेथेंच विचारलें, "मग नादिरशहांत आणि आपल्यांत फरक काय?" प्रश्न सोपा नव्हता. लूट घरीं नेणें आणि उपाशी फौजेचा पगार भागविणें एक नव्हे, असें मीं सांगितलें; पण रुपें उतरलें तें उतरलेंच, हेंहि त्याच्यापासून लपविलें नाहीं.

हकीकत मात्र येथें संपत नाहीं. १७८८ च्या ऑगस्टांत गुलाम कादर रोहिल्यानें याच किल्ल्यांत साठी गांठलेल्या शहाआलम बादशहाचे डोळे काढले व जनान्याचे अतोनात हाल केले. ऑक्टोबरांत महादजी शिंद्यांच्या फौजा किल्ल्यांत शिरल्या. त्यांनीं अंध बादशहाची सुटका करून त्यास पुन्हा तख्तावर बसविलें. ज्या महालाचें छत मराठ्यांनीं उतरविलें, त्याच्या धन्याचें रक्षण पुढें पंधरा वर्षें मराठ्यांच्याच हातीं राहिलें. ११ सप्टेंबर १८०३ रोजीं यमुनेपलीकडे पटपडगंजच्या मैदानावर दौलतराव शिंद्यांच्या पलटणींचा जनरल लेकनें पराभव केला आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. त्या लढाईचा इंग्रजांनीं उभारलेला स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानांत उभा आहे. लाल किल्ल्याचें तिकीट काढणाऱ्यांपैकीं कोणी तेथवर जात असेल असें वाटत नाहीं.