येरवड्यातील अद्भुतप्रेमी वाचक

गल्ल्यावर बसून खतावणीखाली जाडजूड अद्भुत कादंबरी लपवणाऱ्या चिरंजीवांस ‘रिकामटेकडा’ ही पदवी व्यापारी घरांत सहज मिळते. गिऱ्हाईक आले, की बिचाऱ्यास नायकाला कड्यावर लोंबकळत ठेवून तूरडाळ तोलावी लागते.

अशांच्या बाजूने एक भारदस्त साक्षीदार येरवड्यात सापडतो. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन महात्मा गांधी येथील कारागृहात आले. वेळेचा पै-पैसारखा हिशेब ठेवणाऱ्या या कैद्याने रोजचे सहा तास वाचन-लेखनास आणि चार तास सूतकताईस नेमून दिले होते. धर्मग्रंथ व इतिहास यांच्या जोडीने त्यांनी तेथे किपलिंगचे ‘सेकंड जंगल बुक’ वाचले, आणि ज्यूल व्हर्नची ‘ड्रॉप्ड फ्रॉम द क्लाउड्स’ ही कादंबरीही!

गंमत कथानकात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धातले कैदी आपल्या सोबत्यांसह वेढा पडलेल्या शहरातून फुग्यात बसून निसटतात आणि निर्जन बेटावर कोसळतात. कैद्याच्या हाती नेमके हेच पुस्तक! हा वाचक मात्र जागचा हलला नाही. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर, फेब्रुवारी १९२४ मध्ये, सरकारनेच त्यांना मुदतीपूर्वी सोडले.