स्वस्त म्हणजे कशापेक्षा स्वस्त? मोटारीच्या विम्याची तुलना

आजचा विषय मोटारीच्या विम्याचा. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनी या विषयावर काय बोलावं, असं काहींच्या मनात येईल. कारण साधं आहे. ‘यातलं स्वस्त कोणतं?’ हा प्रश्न आपण दरवर्षी विचारतो, आणि बहुतेक वेळा तो अर्धाच विचारतो. प्रश्न अर्धा असला की उत्तर पुरं कुठून येणार?

आपल्या न्यायदर्शनात उपमान हे एक स्वतंत्र प्रमाण मानलेलं आहे. ठरलेलं उदाहरण गवयाचं. शहरातल्या माणसानं गवय कधी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसला की शहरी माणूस ओळखतो, हाच तो. हे जमतं, कारण कोणत्या बाबतीत सारखेपणा बघायचा हे त्याला ठाऊक आहे. आता मोबाईलवर चार कंपन्यांचे आकडे एकाखाली एक येतात तेव्हा आपण काय करतो? सगळ्यात लहान आकड्यावर बोट ठेवतो. पण त्या चार ओळींत एक गाय असते, एक गवय असतो आणि एखादं शिंगरूसुद्धा असतं. शिंगरू स्वस्त मिळालं म्हणून गाय स्वस्त झाली असं होत नाही.

तेव्हा आधी विम्याची पॉलिसी सोलून बघू. तिच्यात दोन निराळ्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. पहिली थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे ही सक्तीची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती नसली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, पुढच्या वेळी ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. दुसरी वस्तू ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. ही कायद्यानं सक्तीची नाही. स्वतःच्या पत्र्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण रस्त्यावरून चालणाऱ्याच्या जिवावर तुमची काटकसर नको, असा हा विचार. मिलला तो पटला असता.

यातली थर्ड पार्टी कंपनीनुसार बदलत नाही, तिचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७. विजेवरच्या गाडीला यात १५ टक्के सूट आहे. नव्या गाडीला सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. म्हणजे कुणी म्हणालं, ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त पडेल’, तर तिथेच नमस्कार करून उठावं.

फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये. २००७ च्या जानेवारीपासून हे दर कंपन्यांना मोकळे झाले आणि तेव्हापासून तुलनेला अर्थ आला. या भागाचा पाया म्हणजे आयडीव्ही, गाडीची विम्यापुरती मानलेली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर कंपनी जास्तीत जास्त इतके देते. कंपनीच्या छापील किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून हा आकडा काढतात: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांपुढे तो कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचा.

आता एक हिशेब करू. रकमा आम्ही समजून घेण्यापुरत्या धरल्या आहेत. समजा १२०० सीसीची गाडी आहे, छापील किंमत आठ लाख, तीन वर्षं पुरी होऊन चौथं लागलंय. नियमानं आयडीव्ही येते ४,८०,०००. पहिल्या कंपनीचं कोटेशन ८,६३३ रुपये, दुसऱ्या कंपनीचं १०,१६७. दीड हजाराचा फरक. आपण पहिली घेऊन मोकळे होणार, हो ना? थांबा, दोन्ही कागद उघडा. थर्ड पार्टीचे ३,४१६ दोन्हीकडे आहेत, वर १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे आहे. उरलं ओन डॅमेज: पहिलीकडे ३,९००, दुसरीकडे ५,२००. का? कारण पहिलीनं आयडीव्ही चार लाख धरली आहे, आणि नुकसानीतले पहिले ५,००० तुम्ही सोसाल अशी खूण तुमच्या वतीनं आधीच करून ठेवली आहे. गाडी चोरीला गेली तर नुसत्या आयडीव्हीतच ऐंशी हजारांचा फरक. हे कंपनीनं फसवलं असं नव्हे, सगळं कागदावर आहे. पण ही तुलना झालीच नाही. दोन्हीकडे आयडीव्ही एकच घाला, स्वतः सोसायची रक्कम एकच ठेवा, तीच जोडकव्हरं टिचकवा आणि मग आकडे बघा. क्रम पुष्कळदा उलटतो.

ही स्वतः सोसायची रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, जरा निवांत बघण्यासारखी आहे. सक्तीची असते ती लहान गाडीला १,००० आणि १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००. त्यावर ऐच्छिक. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये ऐच्छिक ५,००० स्वीकारले तर ओन डॅमेजवर २५ टक्के सूट होती, कमाल १,५०० रुपये. १५,००० स्वीकारले तर ३५ टक्के, कमाल २,५००. आता कंपन्या आपापले आकडे लावतात, पण घेवाण-देवाणीचं रूप तेच. घ्यावी का ही सूट?

१७३८ साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञानं नेमका असा प्रश्न घेतला होता. कायस नावाचा पीटर्सबर्गचा एक व्यापारी कल्पा. त्यानं ॲम्स्टरडॅममध्ये माल घेतलाय, तो पीटर्सबर्गला पोचला तर दहा हजार रूबल होतील. त्या ऋतूत शंभरातली पाच जहाजं बुडतात. म्हणजे सरळ हिशेबानं विम्याची किंमत पाचशे रूबल व्हायला हवी, पण आठशेच्या खाली कुणी विमा देत नाही. कायसनं काय करावं? बर्नुलीचं उत्तर असं की ते त्याच्या बाकीच्या मालमत्तेवर अवलंबून आहे. या मालाशिवाय त्याच्यापाशी सुमारे ५,०४३ रूबलांहून कमी असतील तर आठशे देऊनही विमा घेणं शहाणपणाचं. त्याहून जास्त असतील तर नको. तेच जहाज, तोच समुद्र, पण एकाला विमा महाग आणि दुसऱ्याला योग्य.

ही गोष्ट आपण आपल्या घरात आणू. पाच हजारांचं बिल अचानक आलं तर ज्यांच्या घरचा महिना कोलमडत नाही, आणि जे गाडी जपून चालवतात, त्यांनी ऐच्छिक डिडक्टिबल जरूर घ्यावं. ज्यांचा पगार हप्त्यांत जातो त्यांनी वर्षाला हजार रुपये वाचवण्यासाठी पंधरा हजारांचा धोंडा डोक्यावर टांगून घेऊ नये. शेजाऱ्याला विचारून हे ठरत नाही, कारण शेजाऱ्याची पुंजी निराळी असते.

सगळ्यात मोठी सवलत मात्र नो क्लेम बोनसची. एक वर्ष दावा केला नाही तर ओन डॅमेजवर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनी ५०. थर्ड पार्टीवर तो लागत नाही. दावा केला की शून्यापासून सुरुवात. म्हणून लहान दाव्याचा हिशेब करायला हवा. समजा बोनस नसताना तुमचं ओन डॅमेज ८,००० असतं आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचलात, म्हणजे ४,००० भरता. कुणीतरी बंपर फोडला. नवा बंपर ४,००० चा, मजुरी १,०००. प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणून कंपनीच्या हिशेबात ३,०००, त्यातून सक्तीचे १,००० गेले, हाती २,०००. आणि पुढच्या वर्षी ४,००० ऐवजी ८,००० भरायचे, त्याच्या पुढच्या वर्षी ६,४००. दोन हजार मिळवायला सहा हजार चारशे घातले, जीएसटी वेगळा! आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत एकजण म्हणतात, ‘हप्ता भरलाय तर वसूल करायला नको का?’ विमा हा भिशीसारखा वसूल करण्याचा प्रकार नाही, हे त्यांना अजून पटवता आलेलं नाही.

बोनसबद्दल आणखी दोन गोष्टी. तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र मागून घ्या. तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो, आणि नव्या गाडीचं ओन डॅमेज मोठं असल्यानं तिथे त्याचं मोल जास्त. शोरूममधला माणूस हे आपण होऊन सांगेलच असं नाही. आणि पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर जमवलेला बोनस जातो. मधल्या दिवसांत गाडी विनाविमा असते ते वेगळंच, शिवाय कंपनी गाडीची तपासणी मागते.

जोडकव्हरांत आमच्या मते विचार करण्याजोगी दोनच. एक झीरो डेप, ज्यात तो प्लॅस्टिकवरचा घसारा कापत नाहीत. गाडी नवी असेपर्यंत ते घ्यावं. दुसरं इंजिनाचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या पाण्यात बुडाल्या. पाणी ओसरल्यावर ज्यांनी किल्ली फिरवली त्यांच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं. साध्या पॉलिसीत कंपनी म्हणू शकते की पुराचं नुकसान आम्ही देऊ, पण चालू करण्यानं झालेलं हे पुढचं नुकसान आमचं नव्हे. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये काय झालं ते आपण पाहिलंच. नदीकाठी, सखल भागात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी इंजिनाचं कव्हर घ्यावं. टेकडीवर राहणाऱ्यांनी विचार करून सोडलं तरी चालेल. कव्हर असो नसो, बुडालेली गाडी चालू करू नका, टो करून न्या.

मालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आपसूक जोडलेला येतो. तुमच्याकडे तेवढ्या रकमेचा असा विमा आधीच असेल, तर तसं लिहून देऊन हा भाग वगळता येतो. दोन गाड्या असणाऱ्या घरात हे पुष्कळदा राहून जातं.

बाकी सवलती किरकोळ. एआरएआयनं मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र, ऑटोमोबाईल असोसिएशनचं सभासदत्व वगैरे. जुन्या टॅरिफात त्यांची कमाल मर्यादाच अनुक्रमे ५०० आणि २०० रुपये होती. मुंबई-पुण्याचा पत्ता टाळून गावचा पत्ता द्यावा अशी युक्ती कुणी सुचवतात. टॅरिफात मुंबई आणि पुणे ‘अ’ विभागात, नाशिक-नागपूर ‘ब’ विभागात, हे खरं. पण विभाग गाडीची नोंदणी कुठे आहे त्यावर ठरतो. ती युक्ती सोडून द्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसी बुकात आणि पॉलिसीतही नोंदवा. मागच्या वर्षी दावा केला असेल तर बोनसच्या रकान्यात ‘नाही’ टिचकवू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते. विमा हा करारच परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो. हजार रुपयांसाठी लपवलेली गोष्ट बरोबर दाव्याच्या दिवशी वर येते.

कोटेशनं कुठून घ्यावीत? तुलना करणाऱ्या संकेतस्थळावरून, थेट कंपनीकडून आणि ओळखीच्या एजंटाकडून, तिन्हीकडून घ्या. संकेतस्थळ आणि एजंट दोघांनाही पैसे कंपनीकडून मिळतात, तेव्हा एकाला निःपक्ष आणि दुसऱ्याला दलाल म्हणायचं कारण नाही. अपघातानंतर फोन उचलणारा एजंट चारपाचशे रुपये महाग पडला तरी परवडतो. मात्र कॅशलेस गॅरेज तुमच्या गावात आहे का, हे आधी बघा. सर्वांत जवळचं गॅरेज शंभर किलोमीटरवर असेल तर ते कॅशलेस काय कामाचं?

एक चिठ्ठी आली आहे. एक आजी विचारतात, ‘गाडी आठ वर्षांची, वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते, बँक, डॉक्टर आणि देऊळ. पूर्ण विमा घेऊ की नुसती थर्ड पार्टी?’ आजी, आधी गाडीची आजची किंमत काढा. ती गेली तर तेवढ्याची दुसरी स्वतःच्या पैशातून घेता येईल का ते पाहा. येत असेल, गाडी बंद आवारात उभी राहत असेल आणि तुमच्या भागात पाणी भरत नसेल, तर नुसती थर्ड पार्टी पुरेल. नसेल, तर जितके किलोमीटर तितका हप्ता असं कव्हर मागा. २०२२ पासून कंपन्यांना ते द्यायची मुभा आहे. आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर असणार. ओन डॅमेज एकदा सोडलंत की तो नव्वद दिवसांत जाईल. तेव्हा येत्या दोनेक वर्षांत नवी गाडी घ्यायचा विचार असेल तर ते सोडण्याआधी मुलाशी एकदा बोलून घ्या.