काटक्यांवर चालणारे इंजिन

कापूस संपला की पऱ्हाटी उपटायची, बांधावर ढीग घालायचा आणि काडी लावायची, ही आपली दरसालची रीत. त्या जाळात किती वीज वाया जाते, याचा हिशेब मात्र आपण करीत नाही.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या लहानशा खेड्यात विजेची तार पोहोचली नव्हती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली तेथे ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवले व त्याला लाकडाच्या गॅसची जोड दिली. घरोघर दिवे लागले. पुढे २० किलोवॅटचा संच आला. त्यावर पिण्याचे पाणी चढले, पिठाची गिरणी फिरली. सरपणासाठी गावाने झाडेही लावली.

हा गॅस म्हणजे गोबरगॅस नव्हे. गोबरगॅस शेण कुजून होतो, हा आचेने होतो. बंद भट्टीत लाकडाला हवा मोजकीच दिली, की ते पुरते जळत नाही. तापलेल्या निखाऱ्यांतून वाफ व धूर जाताना त्यांचा जळाऊ वायू बनतो. तो थंड करून, गाळून इंजिनात सोडतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली, तेव्हा आपल्याकडच्या मोटारीही कोळशाच्या अशाच गॅसवर धावत होत्या.

हिशेब असा. लहान इंजिनाला एका युनिट विजेसाठी सुमारे तिसरा हिस्सा लिटर डिझेल लागते. गॅसची जोड दिली, की सुमारे एक किलो वाळले लाकूड आणि थोडेसे डिझेल पुरते. डिझेलची बचत दोनतृतीयांशाहून अधिक होऊ शकते.

पण सरपण खडखडीत वाळलेले हवे. पऱ्हाटी किंवा तुराट्या असतील तर बोटभर लांबीचे तुकडे करावे लागतात. भाताच्या तुसाला वेगळ्या घडणीची भट्टी लागते. ओले सरपण घातले तर डांबर धरते व इंजिन बसते. गाळणी वेळच्या वेळी साफ केलीच पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो. म्हणून भट्टी घरात किंवा गोठ्यात कधीही ठेवू नये. उघड्या, हवेशीर शेडमध्येच ठेवावी. लेकरांना तिच्याजवळ फिरकू देऊ नये. कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले, तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्यावे व लागलीच दवाखान्यात पोचवावे.

एकट्याने हा व्याप करण्यापेक्षा चार घरांनी मिळून करावा. भट्टी विकत मिळते. सरपण वाळवणारा, गाळणी धुणारा व वर्गणी गोळा करणारा माणूस मात्र गावातूनच उभा करावा लागतो. तो आधी ठरवा, मगच इंजिनाची चौकशी करा.