जामीन झाला, आदेश कधी पोचणार?

आग्र्याचे तेरा कैदी

८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आग्रा मध्यवर्ती कारागृहातील १३ कैद्यांना अंतरिम जामीन दिला. गुन्ह्याच्या वेळी ते अल्पवयीन होते आणि तोवर त्यांची १४ ते २२ वर्षे तुरुंगात गेली होती. तरीही त्यांची सुटका रखडली, कारण आदेशाची प्रमाणित प्रत टपालाने यायची होती. तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी स्वतःहून याची दखल घेतली. निरोपासाठी आपण अजून आकाशात कबुतरे शोधतो आहोत, अशा शब्दांत त्यांनी खंत व्यक्त केली.

कायदा होता, वहिवाट नव्हती

इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज आणि डिजिटल स्वाक्षरी यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच मान्यता दिली होती. पण बनावट आदेशावर कैदी सुटला तर जबाब अधीक्षकाला द्यावा लागतो. म्हणून तो शिक्क्याचा कागद मागतो. ही धास्ती खरीच आहे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाचे आदेश टाकण्यासाठी पेटी असे. संध्याकाळी ती उघडेपर्यंत कागद आला नाही, की कैद्याची आणखी एक रात्र आत. न्यायालयाने मोकळे केलेल्या माणसाला निव्वळ टपालापायी कोंडून ठेवणे हा अन्याय आहे, मग ती एक रात्र का असेना.

‘फास्टर’ची वाट

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२२ रोजी ‘फास्टर’ ही प्रणाली सुरू केली. यात नेमलेले अधिकारी आदेशाच्या प्रतीवर डिजिटल स्वाक्षरी करतात आणि ती सुरक्षित ई-मेलने थेट कारागृह व संबंधित न्यायालयाकडे धाडतात. मजकुरात एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरीच्या पडताळणीत ते उघड होते. शाईच्या शिक्क्याला हे जमत नाही. अशी प्रत ग्राह्य धरण्यासाठी राज्यांनी आपले नियम बदलावेत, हेही न्यायालयाने सांगितले. खरा बदल मला इथे दिसतो.

खालच्या न्यायालयांत

बहुतेक जामीन जिल्हा व तालुका पातळीवर होतात. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश महत्त्वाचे आहेत: आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकामार्फत कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे. अर्थात ई-मेलने जामीनदार उभा राहत नाही. जामीनदाराअभावी महिना उलटला, तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकते.

घरच्यांनी काय करावे

आदेश झाला त्याच दिवशी तो ई-मेलने गेला का, हे वकिलाला विचारा. दुसऱ्या दिवशी कारागृहात चौकशी करा. अटी पूर्ण करूनही सुटका अडली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीतील व्यक्तीला मोफत विधी साहाय्य मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही.