काष्टा बसवायचा, निऱ्या सोडायच्या

संगणकातल्या माणसाला कपडे घालायच्या मुख्य पद्धती दोन. ‘फिटेड’ कपडा आकृतीच्या हाडांनाच बांधलेला असतो. कोपर वाकलं की बाही वाकते. ‘सिम्युलेटेड’मध्ये कापडाला वजन आणि ताण देतात, आणि ते अंगावर कसं पडेल याचा हिशेब संगणक दर फ्रेमला करतो. नांदेड-लातूरची माणसं पडद्यावर आणायची म्हटलं की खरी मजा सुरू होते!

माळेगावच्या यात्रेतली लावणी घ्या. ब्लाउज बेतायचा तर पाठ, गळा, बाही असे तुकडे करून जोडावे लागतात. नऊवारी म्हणजे एकच आयत, जवळपास सव्वाआठ मीटर लांब. बेतायला सगळ्यात सोपी, नेसवायला सगळ्यात अवघड! काष्टा मांड्यांमधून मागं जातो. तिथं कापड दोन्हीकडून चेपलं गेलं की सिम्युलेशन गडबडतं: कापड थरथरतं, कधी मांडीतून आरपार निघतं. म्हणून काष्टा आणि कमरेला खोचलेला पदर फिटेडच ठेवावा. निऱ्या मात्र मोकळ्या सोडाव्यात. गिरकीनंतर पाय थांबतात आणि निऱ्या क्षणभर पुढं जातात, ती गंमत फिटेड कपड्यात येतच नाही.

१९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे हरिश्चंद्र बिराजदार मूळचे लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. अशा मल्लाची डिजिटल आकृती केली तर जांगिया बिनधास्त फिटेड. अंगाला घट्ट बसलेल्या कपड्यावर सिम्युलेशन खर्ची घालू नये.

नांदेडला होळीच्या सुमारास हल्ला महल्ल्याची मिरवणूक निघते. निहंग शिखांचा निळा चोला वाऱ्यावर सोडायलाच हवा, पण डोक्यावरचा दुमाला, म्हणजे त्यांची उंच पगडी, नको! एकावर एक वेढे सिम्युलेशनमध्ये एकमेकांत घुसतात. १७०८ मध्ये याच नांदेडात गुरू गोविंदसिंगांना भेटलेले माधोदास पुढं बंदासिंग बहादूर झाले. त्यांच्यावरचा ‘चार साहिबजादे’ या चित्रपटाचा दुसरा भाग २०१६ मध्ये आला, तो संगणकीय ॲनिमेशनचाच.

किनवट-माहूरच्या तांड्यांवरचा फेटिया, म्हणजे बंजारा बायकांचा घागरा, तर परीक्षाच घेतो. घेर मोकळा हवा, पण त्यावरचे आरसे आणि कवड्या कडकच राहायला हव्यात. आरसा कापडाबरोबर वाकला की रबराचा वाटतो.

पिक्सारच्या ‘गेरीज गेम’मध्ये म्हाताऱ्याचं जाकीट सिम्युलेशनवर हललं ते १९९७ साली. सिनेमाला एका फ्रेमसाठी थांबता येतं. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेमला मात्र एका फ्रेममागं जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, त्यातच बाकीचं सगळं. तिथं गर्दीतल्या माणसांना फिटेडच बरं.

आणि धोतरातले आजोबा पारावर उकिडवे बसवायचे असतील, तर थेट बसवू नका. आधी सरळ उभे करा, धोतर अंगावर स्थिरावू द्या, मग पन्नासेक फ्रेममध्ये सावकाश खाली आणा. घाई केली की पोटरीखालचं धोतर फुटलंच समजा.